मातीचे रंग व घराची शोभा

मराठींत ‘मातकट’ हा शब्द बहुधा नापसंती दाखविण्यासाठींच वापरला जातो. धुवून धुवून रंग गेलेलें लुगडें मातकट, पावसाळ्यांतील ओढ्याचें पाणी मातकट, दुखण्यांतून उठलेल्या माणसाचा चेहराही मातकट. उलट गव्हाळ, बदामी, मोतिया, हस्तिदंती, चंदनी हे शब्द कानीं पडतांच मन प्रसन्न होतें. वस्तुतः हे सारे एकाच कुळांतले रंग होत. पिवळा, तांबडा, काळा आणि पांढरा कमीअधिक प्रमाणांत मिसळले कीं त्यांतून गव्हाळही निघतो आणि मातकटही निघतो. एकाला मान मिळावा व दुसऱ्याला मिळूं नये, याचें कारण रंगांत फारसें नाहीं. तो कशावर बसला आहे आणि त्याच्यावर उजेड कोठून पडतो, यांत तें आहे. शहरांतील घरांच्या भिंती अलीकडे पुन्हां ह्या उबदार व शांत रंगांकडे वळूं लागल्या आहेत, आणि दुकानांतील रंगांच्या तक्त्यांत त्यांना परकी नांवेंही मिळालीं आहेत. परंतु रंग विकत आणून, कारागिरांना मजुरी देऊनही पुष्कळ घरें उदास दिसतात. आपलें चुकलें कोठें, हें घरच्या मंडळींना उमगत नाहीं. तें उमगण्यासाठीं, हे रंग ज्या घरांत कोणी न निवडतां आले आणि तरीही शोभून दिसले, तीं घरें डोळ्यांपुढें आणणें उपयोगाचें होईल.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत हसनाबाद हें गांव आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. पुढें १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत तो औरंगाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगर जिल्ह्यांत, मोडत असे. सभोंवारची जमीन मराठवाड्याची ओळखीची काळी जमीन, कापसाची आणि ज्वारीची. ह्या भागांतील जुन्या बोलण्यांत गांवाचे दोन भाग मानले जात : एक काळी आणि दुसरी पांढरी. पीक येतें ती काळी, वस्ती होते ती पांढरी.

हा भेद नुसता नांवाचा नाहीं. काळी माती पाणी प्याली कीं फुगते आणि वाळली कीं भेगाळते. वैशाखांत शेताला पडलेल्या भेगांतून माणसाचा हात सहज आंत जातो. अशा मातीची भिंत टिकणें कठीण. म्हणून भिंतीसाठीं गांवठाणाचीच माती उचलीत. ती फिक्या रंगाची असे. चुलींची राख, जुन्या घरांचा चुरा, कैक पिढ्यांची पडझड तींत मिसळलेली असे. घर पडलें कीं त्याची माती पुन्हां पांढरींत मिळे आणि तिच्यांतूनच नातवाची भिंत उभी राही. भिंतीचा रंग कोणता असावा, हा प्रश्न हसनाबादेच्या बाजूच्या शेतकऱ्याला कधीं पडलाच नाहीं. तो रंग त्याच्या पायांखालीं होता.

अशा एकाद्या जुन्या घराच्या उंबऱ्यावरून आंत पाऊल टाकणाऱ्याला काय दिसे? पायांखालीं शेणानें सारवलेली जमीन. ओली असतांना ती हिरवट-काळसर असते. वाळतां वाळतां तिचा रंग निवत जातो आणि शेवटीं सुक्या गवतासारखा होतो. भिंतीवर पांढऱ्या मातीचें पोतेरें फिरविलेलें. खालच्या अंगाला हातभर उंचीचा गेरूचा पट्टा, म्हणजे पाण्याचे शिंतोडे आणि पायांचे डाग त्यांत लपून जावेत. वर कडीपाटाचें छत, चुलीच्या धुरानें काळवंडलेलें. कोनाड्यांत चिमणी, आणि तिच्या माथ्यावर काजळीचा निमुळता डाग. कोपऱ्यांत मडक्यांची उतरंड, शेजारीं शेणमातीनें लिंपलेली कणगी, अंबाडीच्या दोरीनें विणलेली बाज, बाजेवर गोधडी, खुंटीला काळें घोंगडें. एकूण रंग मोजावयाचे म्हटलें तर चार-पांच. तेही मातीचे, लाकडाचे, लोकरीचे आणि धुराचे. तरी ती खोली एकसुरी वाटत नसे.

याचें कारण त्या वस्तूंचा पोत. पोत हा शब्द विणकराचा आहे आणि तो येथें तंतोतंत लागू पडतो. सारवणाच्या जमिनीवर हाताचे अर्धवर्तुळाकार फराटे उमटतात, ते एकावर एक चढत दारापर्यंत येतात. पोतेऱ्याच्या भिंतीवर कापडाचे आडवे ओढे दिसतात. सुतळीच्या विणीला उंचसखलपणा असतो. घोंगड्याची काळी लोकर दख्खनी मेंढीची, आंखूड आणि राठ. ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असल्यामुळें नवें घोंगडें अंगाला टोंचतें आणि वापरानेंच मऊ पडतें. गोधडींत तर थरांशिवाय दुसरें कांहीं नसतें. नऊवारी लुगडें आधीं अंगावर झिजावयाचें; मध्येंच विरलें तर विरलेला भाग कापून टाकून उरलेल्या तुकड्यांना दंड घालावयाचा; दंडालाही ऐकेनासें झालें म्हणजे त्याची घडी गोधडीच्या पोटांत जावयाची. वरचें कापड फाटलें कीं त्याच्यावर दुसरें कापड ठेवून पुन्हां धांवदोरा. एका गोधडींत आजीचें, आईचें आणि सुनेचें लुगडें एकाच टांक्यानें धरलेलें असे.

आतां उजेडाची गोष्ट. ह्या घरांना खिडक्या लहान, आणि बहुतेक उजेड दारांतून येई. तो वरून पडत नसे. बाजूनें, जमिनीला व भिंतीला घासत आंत शिरे. बाजूनें आलेल्या उजेडांत सारवणाच्या प्रत्येक फराट्याला एक कड उजळ व एक कड काळोखी मिळते. गोधडीच्या दोन टांक्यांमधील फुगवट्याला स्वतःची सावली मिळते. रंग एकच असतो, पण डोळ्यांना त्याच्या वीस छटा दिसतात. शहरांतल्या खोलींत तोच गव्हाळ रंग गुळगुळीत भिंतीवर, छताजवळच्या नळीदिव्याच्या पांढऱ्या झोताखालीं ठेवला म्हणजे त्या वीस छटांची एकच छटा होते, आणि ती मात्र मातकट दिसते. घर सजविणाऱ्यांची फसगत होते ती येथें. ते रंग नेतात, पोत मागें राहतो, आणि उजेडाचा विचार तर कोणी करीतच नाहीं.

जपानांतील लेखक जुनिचिरो तानिझाकी यानें १९३३ सालीं सावल्यांच्या गौरवार्थ एक निबंध लिहिला. त्यांत, जपानी घराच्या मातीच्या भिंती मुद्दामच फिक्या व निस्तेज रंगांत ठेवतात, कारण दूरच्या अंगणांतून गाळून आलेला क्षीण उजेड त्यांवर विसांवावा असा हेतु असतो, अशा आशयाचें विवेचन आहे. भोकरदनच्या शेतकऱ्याला असला हेतु नव्हता हें खरें. पण जाड भिंत, खोल दार आणि मातीचा लेप एकत्र आले म्हणजे क्योतोमध्यें काय किंवा हसनाबादेंत काय, परिणाम एकच होतो.

गेरू, पिवडी आणि चुना हीच मंडळी सर्वत्र कां भेटतात, यालाही कारण आहे. चुना अतिशय दाहक. पुष्कळसे वनस्पतिजन्य रंग त्याच्या सहवासांत फिके पडतात. गेरू व पिवडी मात्र मुळांत लोखंडाची भस्में. चुन्याचा त्यांच्यावर परिणाम होत नाहीं आणि उन्हाचाही जवळजवळ होत नाहीं. पिवडी भाजली कीं तिच्यांतील पाणी निघून जाऊन ती तांबडी होते, म्हणजे दोन्हीं भावंडेंच. ह्या भावंडांचें आयुष्य किती, हें पाहावयाला हसनाबादकरांना फार दूर जावें लागत नाहीं. उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगरांत जीं लेणीं आहेत, त्यांतील चित्रांचा मुख्य संसार तांबडी माती, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा यांवरच चालला आहे. निळा तेवढा बाहेरून आणलेल्या राजावर्ताचा. चित्रांखालीं जो लेप आहे तोही मातीचाच, आणि माती धरून राहावी म्हणून त्यांत भाताचा तूस, गवताचे तंतु वगैरे कालविलेले आहेत. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे तंतु मिसळलेले आढळले, हें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधांत दाखविलें गेलें. घराच्या भिंतीसाठीं मातींत भुसा तुडविणारी बाई आणि लेण्याचा गिलावा करणारा कारागीर यांची विद्या एकाच घराण्याची होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

विदर्भांतील एक घर येथें आठवतें. गांधीजी १९३६ मध्यें वर्ध्याजवळच्या शेगांवांत राहावयास आले. त्याच गांवाला पुढें सेवाग्राम हें नांव मिळालें. तेथील बापूकुटी आरंभीं मीराबेनची होती. माती, बांबू, कौलें आणि चटया यांखेरीज तींत फारसें कांहीं नाहीं. भिंतीवर मीराबेननें मातीचेच उठाव देऊन ताडाचीं झाडें काढलीं. रंग निराळा दिला नाहीं. भिंत मातीची, चित्रही मातीचें, आणि तें दिसतें केवळ उठावाच्या सावलीमुळें. देशाच्या राजकारणाच्या मसलती ज्या खोलींत झाल्या, तिची सजावट एवढीच होती. आणि तेथें गेलेल्या कोणालाही ती खोली गरीब वाटत नाहीं. गृहशोभेवरील मोठाल्या ग्रंथांपेक्षां त्या भिंतीपासून शिकण्यासारखें अधिक आहे.

परंतु मातीच्या घराचें कौतुक करतांना त्याची किंमत कोणी चुकविली, हें विसरून चालणार नाहीं. जमीन आठवड्याच्या आठवड्याला सारवावी लागे, सणावारीं भिंती पोतराव्या लागत, आणि हें काम गुडघे टेकून, कमरेंत वांकून घरची बाईच करी. छताला जो सुंदर काळा रंग चढे, तो धूर तिच्या डोळ्यांतून आणि छातींतून गेलेला असे. तिला फरशी हवीशी वाटली आणि भिंतीला तेलरंग हवासा वाटला, तर तिला अरसिक म्हणण्याचा अधिकार शहरांतल्या रसिकांना मुळींच नाहीं. दुसरी किंमत याहून दारुण. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे लातूर आणि तेव्हांचा उस्मानाबाद हे जिल्हे किल्लारीच्या भूकंपानें हादरले. सुमारें आठ हजार माणसें मेलीं. भूकंप फार मोठ्या शक्तीचा नव्हता. पण मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि माळवदावरचें वर्षानुवर्षें वाढत गेलेलें मातीचें ओझें झोंपलेल्या माणसांवर कोसळलें. गळूं नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वीं माळवदावर मातीचा नवा थर घालण्याची रीत होती. थर वाढत गेले, खालचें लाकूड मात्र तेंच राहिलें. त्यानंतर मराठवाड्यांत माळवदाकडे पाहण्याची दृष्टि बदलली तर नवल नाहीं. हसनाबाद किल्लारीपासून पुष्कळ दूर आहे, पण माळवद तेंच आणि भीतीही तीच.

तेव्हां भिंत विटांची आणि छत सिमेंटचें झालें हें योग्यच झालें. खंत आहे ती निराळ्याच गोष्टीची. सरकारी मोजणींत मातीच्या घराला ‘कच्चें’ हें विशेषण लागतें, आणि हें विशेषण भिंतीपुरतें न थांबतां घरांतील सगळ्या वस्तूंना चिकटतें. घर पक्कें झालें म्हणजे घोंगडें कच्चें ठरतें, गोधडी कच्ची ठरते, सुतळीची बाज माळ्यावर जाते. त्यांच्या जागीं झगझगीत फुलांचें कृत्रिम धाग्याचें ब्लँकेट येतें आणि भिंत पोपटी किंवा जांभळी होते. ओझें जावयाला हवें होतें. त्याच्याबरोबर रंग आणि पोतही गेला. आणि गंमत अशी, कीं नेमक्या ह्याच वेळीं शहरांतील श्रीमंत घरें मातीसारखी दिसणारी भिंत करून घेण्यासाठीं हजारों रुपये मोजीत आहेत. कारखान्याच्या डब्यांतील खरखरीत लेपानें जुनेपणाचें सोंग आणण्यापेक्षां साधी चुन्याची भिंत बरी. ती निदान खोटें बोलत नाहीं.

पुण्या-मुंबईच्या दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत ह्यांतलें काय नेतां येईल? आरंभ भिंतीपासून करावा. पांढरा रंगही दोन जातींचा असतो. कारखान्यांतील पांढऱ्यांत टायटॅनियमचें भस्म असतें. तो लख्ख आणि थंड दिसतो, आणि त्याच्यापुढें लांकूड, पितळ, घोंगडें सगळेंच मळकें वाटूं लागतें. चुन्याचा पांढरा त्यामानानें सौम्य. कळीचा चुना विरवून, कांहीं दिवस पाण्यांत मुरूं देऊन, फडक्यांतून गाळून घ्यावा. हें करतांना डोळे व हात जपावेत, कारण चुना भाजतो. त्यांत थोडा सरस किंवा डिंक कालवला म्हणजे भिंतीला टेकणाऱ्याच्या पाठीला तो कमी लागतो. रंग बदामी हवा असल्यास पिवडी आणि किंचित् गेरू चमच्याचमच्यानें घालावा. चुना वाळला कीं पुष्कळ फिका होतो. म्हणून बादलींत दिसणाऱ्या रंगावर विश्वास ठेवूं नये, कागदावर लावून वाळवून पाहावा. भिंतीवर आधींचा तेलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग असेल तर चुना त्याला धरत नाहीं. तो खरवडून काढावा लागतो, आणि तेवढी खटपट नको असल्यास मंद, चकाकी नसलेला तयार रंग घेणें शहाणपणाचें. चकाकी टाळावी हें महत्त्वाचें. चकचकीत भिंत उजेड परतवून लावते, त्याला बसूं देत नाहीं.

रंग ठरविण्यापूर्वीं दोन हात लांब-रुंद असा पट्टा भिंतीवर लावून तो सकाळीं, दुपारीं आणि दिवा लागल्यावर पाहावा. पश्चिमेच्या खोलींत दुपारचें ऊन पिवळ्याला नारिंगी करून सोडतें. तेथें पिवडी कमी. उत्तरेच्या खोलींत थेट ऊन येत नाहीं, उजेड निळसर असतो. तेथें गेरूचा अंश थोडा वाढवावा, नाहींतर बदामी रंग राखेसारखा दिसतो. दुकानांतल्या तक्त्यावरील नखाएवढ्या ठिपक्यावरून सबंध दिवाणखान्याचा निर्णय घेणारीं माणसें साडी घेतांना मात्र तीच साडी दुकानाबाहेर उन्हांत नेऊन पाहतात, हें मोठें कोडें आहे.

दिव्याचें मात्र सर्वांत सोपें आणि सर्वांत दुर्लक्षित. बाजारांतील दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आंकडा छापलेला असतो. ६५०० असेल तर उजेड निळसर-पांढरा. २७०० किंवा ३००० असेल तर समईच्या जवळपासचा पिवळसर. मातीच्या रंगांना दुसराच मानवतो. आणि तो छताच्या मध्यावर एकच एक न ठेवतां, बैठकीच्या शेजारीं, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला ठेवावा, म्हणजे उजेड भिंतीला आणि कापडाला बाजूनें लागेल. मुलांच्या अभ्यासाला आणि स्वयंपाकाच्या ओट्याला भरपूर उजेड हवाच. शोभेसाठीं डोळे बिघडवावेत असा याचा अर्थ नव्हे.

मग थर. जमिनीला शहाबादी फरशी असली तर ती करडी आणि थंड. तिच्यावर सतरंजी, आणि बसावयाच्या जागीं सतरंजीवर घोंगडें. पडद्याला कोरें मांजरपाट यासारखें स्वस्त नि सुंदर कापड नाहीं. त्याचा रंग धुण्यापूर्वीं सायीसारखा असतो, त्यांत सरकीचे बारीक ठिपके दिसतात आणि दुपारचें ऊन त्यांतून गाळून येतें. मात्र शिवण्यापूर्वीं तें एकदां भिजवून घ्यावें, कारण तें आटतें. पलंगावर गोधडी, लोडाला जाडी खादी. हिमरूचा एकादा जुना तुकडा घरांत असेल तर त्याचा एकच अभ्रा करावा. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम यांची औरंगाबादची जुनी वीण. सुताच्या मंद अंगावर रेशमाची नक्षी उठते, म्हणून ती खादीच्या शेजारीं शोभते. शिंदीच्या पानांची चटई, वेताचा मोडा, पितळेचें तपेलें, सागवानी पाट हीं पुष्कळ घरांत असतातच; तीं माळ्यावरून खालीं आणलीं कीं झालें. नवें घेण्याआधीं माळा पाहावा.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. सगळेंच बदामी, सगळेंच सायीसारखें केलें म्हणजे घर पिठल्यासारखें होतें. पानांत भात, वरण, भाकरी हींच मुख्य. पण कोपऱ्यांत लोणच्याची फोड नसेल तर जेवणाला रुची येत नाहीं. जुन्या घरांत हें काम काळें करी : काळें घोंगडें, काळी उतरंड, काळें छत. म्हणून प्रत्येक खोलींत एकतरी वस्तु गडद असावी, आणि एकादी अगदीं लहान वस्तु उघड्या रंगाची. देवघरांतील कुंकवाच्या करंड्याएवढी पुरे. दुसरें असें, कीं पोत म्हणजे धूळ बसावयाची जागाही. घरांत दम्याचें माणूस असेल तर थर कमी ठेवावेत आणि जे ठेवावयाचे ते धुण्याजोगे असावेत. घोंगड्याला कसर लागते. पावसाळा संपला कीं त्याला दोन दिवस कडक ऊन दाखवावें, झटकावें आणि घडींत लिंबाचा पाला ठेवावा. मुंबईच्या दमट हवेंत जाड गोधडीला कुबट वास येतो, तेथें दोन-तीन पदरांची पातळ गोधडीच सोयीची.

गोधडी शिवून घेण्याची वेळ आली तर एक-दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात. खेड्यांतून अजूनही हातानें गोधड्या शिवणाऱ्या स्त्रिया आहेत. चार दिवसांच्या कामाचा मोबदला चार दिवसांच्या मजुरीहून कमी असूं नये. ब्लँकेटच्या किंमतीशीं त्याची तुलना करणें अन्यायाचें आहे. त्यांना कापड आपल्या घरचें द्यावें. बाजारांतून एकसारख्या छटेचे तुकडे आणून दिले तर गोधडी नीटस होते, पण निर्जीव होते. आजीचें विटलेलें पातळ, वडिलांचें धोतर, मांजरपाटाचा उरलेला पडदा असें जें निघेल तें द्यावें आणि कोणतें वर, कोणतें पोटांत, हें शिवणाऱ्या बाईवर सोंपवावें. तिची नजर बहुधा अधिक भरंवशाची असते. टांके अगदीं बारीक हवेत असा हट्ट धरूं नये; बोटभर अंतरावरच्या ओळींनीं मधलें कापड फुगतें, आणि पहिल्या धुण्यानंतर सबंध गोधडीवर बारीक सुरकुत्या येतात. तिला इस्तरी मात्र करूं नये. फुगवटा बसला कीं खिडकींतून तिरप्या येणाऱ्या सकाळच्या उजेडाला टेकावयास तिच्यावर जागा उरत नाहीं.